हळदू ओळखायचा कसा आणि बियांपासून वाढवायचा कसा?

धुऱ्यावरचा
मंडळी, हळदूबद्दल नीट, कामाची माहिती एका ठिकाणी हवी आहे म्हणून हा धागा. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात नाल्यांच्या वरच्या अंगाला हळदूची जुनी झाडं अजून उभी आहेत, पण त्यांच्याखाली नवं रोप दिसत नाही. जुनी माणसं ज्याला हळदू म्हणतात त्याला दुसऱ्या गावात कळंब म्हणतात, आणि रोपवाटिकेत हळदू मागितला की बरेचदा कदंबाचं रोप हातात येतं.

तीन प्रश्न आहेत. पहिला, शंभर टक्के खात्रीने ओळख कशी पटवायची? दुसरा, बी कधी आणि कसं धरायचं, पेरायचं? तिसरा, कापसाच्या काळ्या जमिनीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हे झाड चालेल का?

सागाच्या पलीकडे आपल्या रानात झाडं आहेत, ती आपल्याच हातांनी वाढावीत एवढी इच्छा आहे.

वनस्पतीवेडी
ओळखीपासून सुरुवात करू, कारण बी चुकीच्या झाडाचं धरलं तर पुढची दोन वर्षं वाया.

हळदू म्हणजे हाल्डिना कॉर्डिफोलिया. जुन्या पुस्तकांत अडिना कॉर्डिफोलिया सापडेल, झाड तेच. कॉफीच्या कुळातलं आहे. या कुळाची खूण आधी पक्की करा: पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि जोडीतल्या दोन देठांच्या मधोमध, खोडाला लागून, एक उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारा पानासारखा छोटा भाग) असतं. हळदूत ते मोठं, गोलसर, पानासारखंच असतं. फांदीच्या टोकाला अशी दोन उपपर्णं एकमेकांवर चिकटून कोवळी कळी झाकतात, त्यामुळे टोकाची कळी चपटी दिसते. ही कळी पाहायची सवय लावा, पानगळीतही ती उपयोगी पडते.

पान हृदयाच्या आकाराचं, जवळजवळ जितकं लांब तितकंच रुंद, १० ते २० सेंमी, टोक एकदम निमुळतं. खालच्या बाजूला बोट फिरवलं की बारीक लव लागते. देठ लांब, ५ ते १० सेंमी.

फुलं पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट. पिवळे गोल गेंद, २ ते २.५ सेंमीचे, पानांच्या बगलेतून एक ते तीन दांड्यांवर येतात. मोठ्या झाडाचा बुंधा तळाशी खोबणीदार, पसरट होतो.

झाडीपट्टी
वरचं सगळं बरोबर. गोंधळ होतो तो चार झाडांशी, तो सोडवून टाकू.

कळंब (मित्रागायना पार्विफोलिया): कुळ तेच, उपपर्णंही मोठी, म्हणून नुसत्या उपपर्णावर जाऊ नका. कळंबाचं पान लहान, लांबट-अंडाकृती, तळाशी गोल, हृदयाकार नाही. देठ आखूड, १ ते ३ सेंमी. गेंद फिकट मलईच्या रंगाचे, सुगंधी, आणि ते फांदीच्या टोकाला येतात, बगलेत नाही. गेंदाच्या दांडीवर पानासारखी दोन छदं असतात.

कदंब (निओलामार्किया कदंबा): गेंद एकटा, नारिंगी, ४-५ सेंमीचा. फळ गरदार. पान खूप लांब, रुंदीला कमी. हा ओलसर प्रदेशातला, आपल्याकडे बागेत लावलेलाच दिसतो.

शिवण: पान समोरासमोर आणि हृदयाकार, म्हणून नवखा हमखास फसतो. पण देठांच्या मध्ये उपपर्ण नाही, आणि पानाच्या तळाशी देठ जिथे लागतो तिथे छोट्या ग्रंथी असतात. फळ पिवळं, आतल्या आठळीसकट.

पिंपळ: पानं एकाआड एक, तोडल्यावर चीक. इथे गोंधळ व्हायला नको, पण लहान रोपात होतो.

भंडारा-गोंदियाकडची सगळ्यात सोपी खूण जागेची. बांधीच्या (भातशेताच्या) काठावर, मामा (मालगुजारी) तलावाच्या पाळीखाली, जिथे चिखल राहतो तिथे कळंब. उतारावर, मुरमाड, निचऱ्याच्या जागी हळदू. खूण पक्की नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं.

रंधा_पटाशी
राजेहो, ओळख पाहाले फांदी तोडून लाकूड तपासू नका. हळदूचं लाकूड ओलं असताना पिवळं असते हे खरं, पण शिवणीचंही फिक्कं पिवळटच दिसते. आन् हळदू उघडा पडला का हळूहळू तांबूस-तपकिरी होते, मंग रंगावरून काही समजत नाही. झाडाले जखम, आन् हाती काही नाही.

लाकडाबद्दल सांगतो. कण बारीक, एकसारखा. आतलं-बाहेरचं लाकूड वेगळं दिसत नाही. लेथवर लय छान चालते, पॉलिश चांगलं घेते. फण्या, खेळणी, कोरीवकाम, सूतगिरणीतले बॉबिन, पेट्या, फळ्या याच्यासाठी पूर्वीपासून वापर. वावरात जू, नांगराचे भाग. पण मातीत गाडायचा खांब कराल तर टिकणार नाही. छताखालीच ठेवा लागते.

कापूसकाळी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कापसाच्या भारी काळ्या मातीत, सपाट वावरात, जिथे पाऊस संपल्यावरही पाणी दिसतं, तिथे हळदू लावू नका. मूळ गुदमरतं, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की कोवळं मूळ तुटतं. तिथे कळंब लावा, तो त्याच जमिनीचा आहे.

धुरा उंच असेल, एका बाजूने नाली असेल, तर हळदू चालतो. माती फारच भारी असेल तर दीड-दोन फुटांचा खड्डा करून त्यात मुरूम आणि माती निम्मी-निम्मी भरतात असा सल्ला मिळतो, तो मला पटत नाही. भारी जमिनीत असा खड्डा पाण्याचं टाकं होतो. त्याऐवजी जमिनीच्या वर फूटभर उंच, तीन-चार फूट रुंद ओटा करा आणि त्यावर लावा.

रोपवाला
आता बियांकडे येऊ. हळदूची खरी अडचण इथेच आहे. झाड नाजूक नाही, बी नाजूक आहे.

एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया असतात. एवढ्या बारीक बीत साठवलेलं अन्न जवळपास नसतंच. म्हणजे अंकुराला पहिल्या दिवसापासून उजेड आणि ओल स्वतःच मिळवावी लागते. माती दोन मिलिमीटर वर आली की तो वर येऊ शकत नाही. पावसाचा मोठा थेंब पडला की उडून जातो. वरची माती दुपारी दोन तास सुकली की संपला. शेजारी तण उगवलं की झाकला जातो. जुन्या झाडांखाली रोपं का दिसत नाहीत याचं कारण हेच. पालापाचोळा, गवत आणि वणवा, तिन्ही त्याच्या विरुद्ध. जंगलात हळदूची रोपं दिसतात ती रस्त्याच्या कापलेल्या कडेला, दरडीवर, नाल्याच्या खरवडलेल्या काठावर, जिथे माती उघडी असते.

बी धरणं: फुलं पावसाळ्यात, पण फळांचे गोंडे झाडावर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहतात. फेब्रुवारीपासून लक्ष ठेवा. गोंडा तपकिरी-काळा झाला आणि दोन बोटांत दाबून चोळल्यावर त्याच्या बारीक बोंडक्या सुट्या होऊ लागल्या की वेळ आली. फांदीवरूनच काढा. जमिनीवर पडलेल्या गोंड्यातलं बी बहुतेक उडून गेलेलं असतं.

सुकवणं: कागदावर किंवा जुन्या धोतरावर, सावलीत, वारा नसलेल्या खोलीत तीन-चार दिवस. वरून पातळ कापड टाका. पंखा लावायचा नाही. नंतर हलक्या हाताने चोळून आधी पिठाच्या चाळणीतून, मग मलमलच्या कापडातून चाळा. थोडा भुसा राहतो, राहू द्या. तो पूर्ण काढायच्या नादात बीच जातं.

काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाने ठेवा, आणि त्याच हंगामात पेरा.

मृगसरी
रोपवाला, पेरणीची वेळ सांगा ना. मार्चमध्ये की जूनमध्ये? मला जून योग्य वाटतो. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, त्यात असलं बी वाचवणं म्हणजे दिवसभर ट्रेजवळ बसणं.

रोपवाला
दोन्ही वेळा चालतात, पण अटी वेगळ्या.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं तर जुलैपर्यंत रोप सुटं करण्याएवढं होतं आणि अख्खा पावसाळा वाढायला मिळतो. त्यासाठी कौलारू किंवा गवताच्या छपराखालची जागा, खालून पाणी द्यायची सोय आणि रोज दोनदा पाहणारं माणूस हवं. टिनाच्या शेडखाली मार्चची पेरणी करूच नका, एप्रिलअखेर ट्रे भाजून निघतो.

जूनमध्ये, हवेत दमटपणा आल्यावर पेरलं तर मेहनत कमी, पण पहिल्या वर्षी रोप अगदीच लहान राहतं. हळदू पहिल्या हंगामात तसाही सावकाश वाढतो. शिवाय जूनमध्ये पाऊस थेट ट्रेवर पडता कामा नये. वर पारदर्शक प्लास्टिकचा तिरपा आडोसा हवाच.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पेरायचं नाही, एवढं मात्र ठाम.

आता ट्रे:

१. खोली १० ते १२ सेंमी, तळाला भोकं. तळाशी दोन-तीन सेंमी बारीक खडी किंवा फुटक्या कवेलूचे (कौलाचे) तुकडे.

२. वर मिश्रण: एक भाग गाळाची माती, एक भाग बारीक धुतलेली रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं पानखत. शेणखत या टप्प्यावर नको. त्यातून तण आणि बुरशी दोन्ही येतात.

३. या मिश्रणावर उकळतं पाणी ओता किंवा पेरणीआधी ते ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात तापवा. न तापवलेल्या मातीत हळदूच्या आधी तणच उगवतं, आणि ते उपटताना हळदूचं रोप सोबत येतं.

४. वरचा एक सेंमीचा थर दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेला. फळीने दाबून सपाट करा. खळगा राहिला तर सगळं बी त्यात जमा होतं.

५. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, वरची माती काळी दिसेपर्यंत. मग बाहेर काढून निथळू द्या.

६. ४५ × ३० सेंमीच्या ट्रेला पाव ग्रॅम बी पुरतं. वीसपट कोरड्या बारीक रेतीत मिसळा, मिठाच्या डबीतून दोन दिशांनी भुरभुरा. वरून माती टाकायची नाही. फळीने हलकं दाबा, बस.

७. वर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक, आणि ट्रे सावलीत. प्लास्टिक झाकलेला ट्रे उन्हात ठेवला तर आतलं सगळं शिजतं. रोज थोडा वेळ झाकण उचलून आतलं पाणी पुसा.

उगवण साधारण दोन-तीन आठवड्यांनी सुरू होते आणि एकदम होत नाही. अंकुर एक-दोन मिलिमीटरचे असतात, भिंगाशिवाय दिसत नाहीत. महिना झाला, काही नाही, असं म्हणून ट्रे उलटा करू नका.

झाडीपट्टी
रेतीऐवजी चुलीची राख चालते. पांढरी राख काळ्या मातीवर दिसते, त्यामुळे बी कुठे पडलं ते कळतं.

रोपवाला
दिसण्यासाठी राख चांगली, पण ओली झाली की तिचा पापुद्रा धरतो. भाजीच्या बीला तो फोडता येतो, हळदूला नाही. शिवाय राख खारट, कोवळ्या मुळाला लागते. तांदळाचा जुना कोंडाही नको, फक्त पांढरी बारीक रेती. रंगासाठीच हवं असेल तर विटेची चाळलेली भुकटी वापरा.

कापूसकाळी
राखेबद्दल रोपवाल्यांशी सहमत.

सातपुडा_पायवाट
थोडं विषयांतर, पण जवळचंच. परदेशी लाकडाच्या फळ्यांवर यलो बर्च असं लिहिलेलं दिसतं. मेळघाटात चिखलदऱ्याला थंडी चांगली असते, तिथे हे झाड लागेल का? हळदूसारखंच पिवळं लाकूड म्हणून विचारतो.

वनस्पतीवेडी
नाही लागणार, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे.

यलो बर्च म्हणजे बेट्युला अ‍ॅलेघॅनिएन्सिस. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचं झाड. कॅनडाचा पूर्व भाग, पंचमहासरोवरांचा परिसर, आणि अ‍ॅपलेशियन डोंगररांगेतून दक्षिणेला जॉर्जियाच्या उत्तर भागापर्यंत. क्विबेक प्रांताने १९९३ मध्ये त्याला आपलं प्रांतवृक्ष केलं. साल पिवळट-कांस्य रंगाची, चकचकीत, तिचे पातळ आडवे पापुद्रे कुरळे होऊन सुटतात. पानाची कड दुहेरी दातेरी. सगळ्यात खात्रीची खूण वासाची: कोवळी काडी खरवडली की दुखऱ्या सांध्याला चोळायच्या मलमाचा वास येतो, कारण दोन्हीत मिथाइल सॅलिसिलेट असतं.

त्याच्या बीला उगवण्याआधी थंड ओल लागते, साधारण ५ अंशांवर चार ते आठ आठवडे. ते फ्रीजमध्ये ओल्या रेतीत ठेवून करता येईल. पण पुढे झाड थंड, दमट उन्हाळा मागतं. चिखलदऱ्याची थंडी पुरेशी नाही, आणि मे महिना तर नाहीच. भारतातले भूर्ज हिमालयातले, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या तो बेट्युला युटिलिस ३००० मीटरच्या वरचा.

पण एक साम्य फार उपयोगाचं आहे. यलो बर्चचं बीही बारीक, किलोत दहा लाखांच्या घरात. तेही पालापाचोळ्याच्या जाड थरातून मूळ खाली पोचवू शकत नाही. म्हणून तिकडे ते शेवाळलेल्या ओंडक्यावर, जुन्या बुंध्यावर किंवा खरवडलेल्या उघड्या मातीवर उगवतं. ओंडका पुढे कुजून गेला की झाड पायांवर उभं असल्यासारखं मुळांवर राहतं. तिकडचे वनवाले ते वाढवायचं असेल तर जमिनीवरचा पाला मुद्दाम खरवडतात. हळदूला हीच युक्ती आपल्याकडे लागू पडते.

सातपुडा_पायवाट
धन्यवाद, बर्चचा नाद सोडला. पण पाला खरवडायची युक्ती जरा विस्ताराने सांगा. ट्रेपेक्षा हे सोपं वाटतंय.

झाडीपट्टी
मी सांगतो. बी आलेल्या जुन्या झाडाच्या आसपास, फांद्यांच्या सावलीच्या थोडं बाहेर, कारण हळदूच्या रोपाला ऊन हवं, मार्च-एप्रिलमध्ये दोन बाय दोन मीटरचे चौकोन करा. पाला, गवत, गवताची मुळं सगळं काढा. वरची दोन-तीन सेंमी माती कुदळीने हलवून फळीने दाबा. उतार असेल तर वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखा छोटा बांध घाला म्हणजे पावसाचं वाहतं पाणी चौकोनात शिरणार नाही. हे पाणीच सगळ्यात जास्त बी वाहून नेतं. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

बी झाड स्वतः टाकतं. जुलै-ऑगस्टमध्ये तण हाताने काढा, पण जोडीने पानं असलेलं प्रत्येक बारीक रोप जपा. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की चौकोनात वाळलेल्या गवताचा अगदी विरळ थर, पहिला हिवाळा-उन्हाळा निघावा म्हणून. पुढच्या पावसाळ्यात मातीच्या गोळ्यासकट उचलून हवं तिथे लावा.

बाजूला तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाला काढलेला पट्टा, हवीच. एक वणवा गेला की सगळं गेलं.

मृगसरी
जंगलातून थेट रोप उपटून आणायला बरेच जण सांगतात, त्याचं काय?

वनस्पतीवेडी
नका. संरक्षित जंगलातून रोप किंवा बी परवानगीशिवाय आणणं बेकायदा तर आहेच, शिवाय तिथे मुळातच नवी रोपं कमी. गावातली, धुऱ्यावरची, देवराईतली झाडं बियांसाठी पुरेशी आहेत. देवराईत बी धरायचं तर गावाला विचारून. आणि एकाच झाडाचं बी धरू नका. चार-पाच वेगवेगळ्या झाडांचं मिसळा, म्हणजे पुढची पिढी एकसारखी कमजोर निघत नाही.

धुऱ्यावरचा
फार उपयोगी माहिती येत आहे. ट्रेमधून पुढे काय? रोप किती झालं की हलवायचं?

रोपवाला
उगवण झाली की झाकण एकदम काढू नका. आठवडाभर रोज थोडं जास्त उघडा. पाणी खालूनच. वरून द्यायचंच असेल तर फवारणी पंपाची अगदी बारीक धुक्याची नोझल वापरा, आणि तो पंप कधीच तणनाशकासाठी वापरलेला नसावा. हे मोठ्या अक्षरात समजा. डब्यात राहिलेला अंश अख्खा ट्रे मारतो.

या टप्प्यावर सर्वात मोठा शत्रू रोपं कोलमडण्याचा रोग. एका कोपऱ्यातली रोपं तळाशी पाणचट होऊन आडवी पडतात आणि दोन दिवसांत टक्कल पसरतं. कारणं तीन: रोपं दाट, हवा कोंडलेली, संध्याकाळचं पाणी. पाणी सकाळीच द्या. रोग दिसला तर तो भाग चमच्याने मातीसकट काढून टाका आणि उरलेल्याला कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला २ ग्रॅम, बारीक फवारा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर आधीच मिश्रणात. तांब्याच्या औषधाबरोबर तो देऊ नका, मरतो.

दोन-तीन जोड्या खरी पानं आली, उंची दोन-तीन सेंमी झाली की पहिली सुटी करणी. बांबूची टोकदार काडी मातीत घालून रोप खालून उचला. धरायचं पानाला, खोडाला नाही. खोड चेपलं की रोप वाचत नाही. छोट्या पिशवीत किंवा १५० ते २५० मिलिलिटरच्या रूट ट्रेनरमध्ये (मुळं सरळ खाली वाढवणाऱ्या खाचेदार कपात) लावा. पन्नास टक्के शेडनेट, आडोसा, दोन आठवडे.

मुळं खालून दिसू लागली की ६ × ९ इंचाच्या पिशवीत हलवा. त्या मिश्रणात आता शेणखत चालतं: दोन भाग माती, एक रेती, एक चांगलं कुजलेलं शेणखत. पिशव्या जमिनीवर ठेवल्या तर मूळ खाली जातं. महिन्यातून एकदा पिशव्या हलवा, नाहीतर लावताना मुख्य मूळच तुटतं.

मृगसरी
आणि पिशवीत मूळ गोल फिरलं तर?

रोपवाला
तळाचा सेंमीभर भाग ब्लेडने कापून लावा. गोल फिरलेलं मूळ तसंच ठेवलं तर झाड पाच-सात वर्षांनी वाऱ्यात उभं उन्मळतं. म्हणून दोन वर्षांपेक्षा जास्त पिशवीत ठेवू नये.

फुलपाखरू_वेडा
एक सूचना, कीटकनाशक मारायच्या आधी. हळदू आणि कळंब या दोन्हींवर कमांडर नावाच्या फुलपाखराची अळी वाढते. पान टोकाकडून खाते, मधली शीर तेवढी ठेवते आणि त्या शिरेला विष्ठेचे, पानाचे तुकडे लटकवून त्यात लपते. असं पान दिसलं तर घाबरू नका. मोठ्या रोपाला चार-दोन पानांनी काही होत नाही. अगदी कोवळ्या रोपावर असेल तर अळी हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडा.

रंधा_पटाशी
हे झ्याक सांगितलं!

कापूसकाळी
लागवडीचं मी पूर्ण करतो. रोप ३० ते ४५ सेंमीचं, बुडाशी पेन्सिलीएवढं जाड झालं की लावायचं, म्हणजे पेरणीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात. त्याआधी लावलेलं टिकत नाही. उंची बघून फसू नका, दाट सावलीत उंच झालेलं बारीक रोप पहिल्याच उन्हाळ्यात जातं. लावायच्या महिनाभर आधी शेडनेट काढून पूर्ण उन्हात आणा.

खड्डा ४५ × ४५ × ४५ सेंमी, मुरमाड जागी ६० सेंमी. उन्हाळ्यातच खणून तापू द्या. भरताना दोन टोपली कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड, उधई (वाळवी) लागू नये म्हणून. कच्चं शेणखत टाकलं तर उधईला आमंत्रण. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती फूटभर ओली झाली की लावा. पहिल्याच सरीला लावून मग खंड पडला तर रोप जातं.

अंतर: धुऱ्यावर ५ ते ६ मीटर. धुऱ्यालगतच्या दोन ओळींत पुढे सावलीने कापूस कमी येईल हे धरूनच चाला. उत्तर-दक्षिण धुऱ्यावर सावली दोन्हीकडे वाटली जाते.

ढोरं, शेळ्या, रोही (नीलगाय), हरणं सगळी हळदूचं कोवळं पान खातात. काट्यांचं कुंपण दीड मीटर उंच तरी हवं, रोह्यासाठी त्याहून जास्त. निंदण रोपाभोवती ६० सेंमी, पावसाळ्यात तीनदा. ऑक्टोबरनंतर तणस किंवा गवताचं आच्छादन, पण खोडापासून वितभर दूर. चिकटून ठेवलं की त्याखाली उधई साल खाते. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला १० ते १५ लिटर पाणी, एकदाच, खोलवर मुरेल असं. रोज तांब्याभर पाणी दिलं तर मुळं वरच राहतात.

मृगसरी
स्टंप, म्हणजे खोड आणि मूळ छाटून उरलेले खुंट, लावले तर? सागासारखे. पिशव्या, शेडनेट, सगळा खर्च वाचेल.

रोपवाला
हळदूचे स्टंप लावता येतात, पण त्यासाठी गादीवाफ्यातलं रोप अंगठ्याएवढं जाड व्हावं लागतं, आणि हळदू तेवढा व्हायला सागापेक्षा बराच जास्त वेळ घेतो. पन्नास-शंभर झाडांसाठी पिशवीच बरी.

झाडीपट्टी
मला स्टंप बरा वाटतो, विशेषतः जिथे दूरवर रोपं डोक्यावर न्यावी लागतात. पिशवीतल्या मातीचं ओझं वाहण्यातच निम्मी मजुरी जाते. एकदा गादीवाफा जमला की हळूहळू प्रत्येक वर्षी जाड झालेली रोपं निघत राहतात. पण सुरुवात करणाऱ्याने पिशवीपासूनच करावी, इथे रोपवाल्यांचं बरोबर.

धुऱ्यावरचा
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. आत्ता झाडं पूर्ण निष्पर्ण आहेत, फुलं नाहीत. अशा वेळी हळदू आणि कळंब वेगळे करायची खात्रीची खूण कोणती? बी आत्ताच धरायचं आहे.

वनस्पतीवेडी
चार गोष्टी क्रमाने पाहा. एक, फांदीवर पानांचे व्रण समोरासमोर आहेत का. नसतील तर दोन्ही नाहीत. दोन, टोकाची कळी चपटी, दोन उपपर्णांनी झाकलेली. इथे शिवण आणि पिंपळ बाद. तीन, वाळलेले गोंडे कुठे लागलेत ते दुर्बिणीने पाहा. फांदीच्या बाजूने, व्रणांच्या वर, एक ते तीन दांड्यांवर असतील तर हळदू. फांदीच्या अगदी टोकाशी असतील तर कळंब. चार, झाडाखालचा पाला उचला. गेल्या हंगामातलं हृदयाकार, लांब देठाचं पान सापडायला हवं. पण शेजारच्या झाडाचा पाला वाऱ्याने येतो, म्हणून चौथी खूण एकटी पुरेशी नाही. तिसरी पटली तर बी धरा.

सातपुडा_पायवाट
दुर्बीण नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करून फोटो काढा आणि मग मोठा करून पाहा. गोंड्याची दांडी कुठून निघते एवढं त्यात दिसतं.

रंधा_पटाशी
एक गोष्ट राहिली. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत हळदू हाये. म्हणजे स्वतःच्या वावरातला असला तरी तोडाले परवानगी लागते. लावताना भेव धरू नका, पण लावल्यावर तलाठ्याकडे सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. झाड लावलेलं आहे हे कागदावर असलं का पुढे पोराले त्रास होत नाही. नोंदीत ‘हळदू’च लिहून घ्या. ‘जंगली झाड’ किंवा ‘इतर’ असं लिहिलं तर त्या नोंदीचा उपयोग नाही.

धुऱ्यावरचा
नोंदीचं लक्षात ठेवतो. नाल्यावरच्या झाडांचे गोंडे फांदीच्या बाजूनेच निघालेले दिसतात, चोळल्यावर बोंडक्या सुटतात. फेब्रुवारी संपायच्या आत पाच झाडांचे गोंडे उतरवतो. रोपवाला, कौलारू छपराची जागा आहे, खालून पाणी द्यायची परातही आहे, तर मार्चची पेरणी करू का?

रोपवाला
करा. पण सगळं बी मार्चमध्ये संपवू नका. निम्मं बरणीत ठेवा, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुसरा ट्रे लावा. आणि प्रत्येक ट्रेवर झाड कोणतं आणि तारीख काय, ते पेन्सिलीने पत्र्याच्या पट्टीवर लिहा. शाई उन्हात उडते.